दोन कानांचं फडकं

तिच्या तोंडात कायम टाचण्या असत. हॉटेलच्या तळघरात धुलाईखातं होतं आणि त्याच्या कोपऱ्यात एक शिलाई मशीन. फाटलेल्या चादरी, उसवलेले अभ्रे, बाही निघालेले वेटरांचे कोट असं सगळं तिच्यापुढं येऊन पडे. ती मान खाली घालून शिवायची आणि कुणी काही विचारलं तर ओठांच्या कोपऱ्यातून उत्तर द्यायची. म्हणून सगळे तिला टाचणीताई म्हणत. नव्या माणसाला तिचं निम्मं बोलणं कळत नसे. जुन्यांना कळायचं, कारण मुळात ती निम्मंच बोलायची.

"तुझं लग्न ठरवताना कुठं होत्या गं या टाचण्या?" असं तिला एकदा ड्रमवालीनं विचारलं होतं. ड्रमवाली म्हणजे तिची मैत्रीण. कपडे धुवायचे आणि सुकवायचे मोठाले ड्रम तिच्या ताब्यात होते आणि ती स्वतःही अंगापिंडानं ड्रमच्याच घराण्यातली.

"तेव्हाच नेमक्या नव्हत्या," टाचणीताई म्हणाली. "म्हणून तर 'हो' म्हणून बसले."

नवरा वाईट नव्हता. तो लांब पल्ल्याच्या मालगाडीवर ड्रायव्हर होता आणि घरी पाहुण्यासारखा यायचा. आला की झोपायचा, उठला की निघायचा. घर चालायचं ते तीन बायकांचं: ती, तिची शाळेत शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी आणि सासूबाई. दोन खोल्या तळमजल्यावर. खिडकी होती, पण तिच्यासमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. ऊन आत यायचं तर आधी त्या इमारतीला बाजूला सरकायला सांगावं लागलं असतं. कपडे वाळत घालायची दोरी बाहेरच्या बोळात. तिथून सगळ्या भाडेकरूंची ये-जा, आणि शेजारचे निवृत्त आजोबा सकाळपासून तिथंच खुर्ची टाकून बसलेले. ते काही पाहत नसत बिचारे, त्यांना दिसतच नव्हतं फारसं. पण खुर्ची होती ना.

आता मुख्य गोष्ट. पाळीचे पॅड विकत आणणं त्या घराला एका बाईपुरतं कसंबसं जमत होतं. मग मुलगी मोठी झाली. आणि त्याच सुमाराला टाचणीताईची स्वतःची पाळी, इतकी वर्षं सरकारी नोकरासारखी ठरल्या दिवशी येणारी, एकदम बेताल झाली. कधी दोन महिने गायब, कधी आली की मुक्कामच ठोकायची. शिलाईच्या स्टुलावर ती एक जुना टॉवेल घडी करून बसू लागली. गडद कपडेच घालायचे, पिशवीत एक जोड जास्तीचा ठेवायचा, उठताना आधी मागं वळून स्टूल बघायचं. संडास एक मजला वर, तिथं जायचं तर कारण सांगायचं. दमणूक कामाची नव्हती म्हणा, ती ह्या सगळ्या सांभाळण्याची होती. महिना निम्मा सरायच्या आत पुडा रिकामा होऊ लागला, तेव्हा ती आरोग्यकेंद्रातल्या नर्सकडं गेली. नर्सनं तिला कापडी पॅडचा नमुना दाखवला. मध्ये कापडाचे चार थर, खाली ओल न जाऊ देणारं अस्तर आणि बाजूला दोन कान. ते कान खालून गुंडाळून टिचबटण लावायचं.

टाचणीताईनं नमुना उलटा केला, शिवण ताणून पाहिली. "टाके लांब पडलेत," म्हणाली.

"तुम्ही याच्याहून चांगले कराल," नर्स हसून म्हणाली. "स्वच्छ धुवायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. वर्षानुवर्षं टिकतात."

"बाकी सगळं आहे हो माझ्याकडं. ऊन तेवढं द्या."

नर्सला वाटलं, बाई विनोद करतेय.

तिनं पॅड शिवले आणि खरंच चांगले शिवले. हॉटेलात बाद झालेल्या चादरींचे तुकडे तिच्याकडंच पडून असत, ते घरी न्यायला कुणाची हरकत नव्हती. गादीवर घालायची, ओल न झिरपणारी जुनी कव्हरं अस्तराला उपयोगी पडली. मुलीसाठी वरून गडद लाल मऊ कापड लावलं, कडेनं बारीक शिवण घातली. मुलगी म्हणाली, "एवढी नक्षी कशाला? बघणार कोण?"

"मी बघणारे," ती म्हणाली. "धुताना."

धुणं जमलं. सकाळी नळ येताच पहिली बादली त्यांची. वाळवणं मात्र जमेना. सासूबाईंचं म्हणणं साधं होतं: "दोरीवर घाल, नको कोण म्हणतंय? पण वरून काहीतरी टाक." मग वरून टॉवेल. टॉवेलही ओलाच. ओल्याखाली ओलं, त्यात ऊन नाही. दोन दिवसांनी हात लावला तर वरून कोरडं लागे आणि दाबलं की आतून गारवा. तसंच घडी करून ठेवायचं, तसंच वापरायचं. मुलीच्या मांड्या सोलवटल्या. आधी ती काही बोलली नाही, नुसती फेंगडी चालू लागली. मग एक दिवस शाळेत गेलीच नाही. पुढच्या महिन्यात सगळेच दिवस घरी.

"बाकावर बसवत नाही," ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "आणि आई, वास येतो त्याला. मला येतो म्हणजे बाकीच्यांनाही येत असणार."

"आमच्या वेळी काय मखमल होती?" सासूबाई म्हणाल्या. मग नातीच्या पाठीवरून हात फिरवत जरा वेळ बसल्या आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "सुटले बाई मी एकदाची."

डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं की अर्धवट ओलं कापड बंद करा, नाहीतर हे जायचं नाही. ते ऐकून टाचणीताईनं जे करायचं नाही ते करायचं ठरवलं.

धुलाईखात्याच्या भिंतीवर एकच नियम मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता: घरचे कपडे यंत्रात घालू नयेत. मागल्या वर्षी इस्त्रीवरच्या एकानं पावसात भिजलेली स्वतःची पँट ड्रममध्ये सुकवली, तर त्याच दिवशी त्याचा हिशेब करून त्याला घरी पाठवलं होतं. पण दिवसाच्या शेवटच्या फेरीत तोंड पुसायचे छोटे टॉवेल सुकायचे, त्या वेळी ड्रमपाशी ड्रमवाली एकटीच असायची. पाहुण्यांचे मोजे सुकवायला जाळीच्या पिशव्या होत्या. तसल्या एका पिशवीत घरून धुऊन आणलेले पॅड घालायचे, चेन लावायची, पिशवी टॉवेलांच्या गर्दीत टाकायची. ड्रमवालीनं पहिल्यांदा पिशवी पाहिली तेव्हा भुवया वर केल्या.

"पोरीचं आहे," टाचणीताई म्हणाली.

"मी विचारलं का?" ड्रमवालीनं दार लावून बटण दाबलं. "माझी पोरगी लग्न होऊन गेली म्हणून. नाहीतर मीच आणलं असतं गाठोडं."

पॅड कोरडे ठणठणीत निघायचे. मुलगी पुन्हा शाळेत जाऊ लागली. दोन-तीन महिने असे बरे गेले. मग जाळीच्या पिशवीची चेन तुटली.

ते टाचणीताईला घरी गेल्यावर कळलं. पिशवी उघडली तर चेन दोन बोटं उसवलेली आणि गडद लाल कापडाचा एक पॅड गायब. ती तशीच ओट्याला टेकून उभी राहिली. छोटे टॉवेल तिच्या डोळ्यांदेखत घडीच्या टेबलावर गेले होते. घड्या घालणाऱ्या पोरींचे हात डोळ्यांपेक्षा जलद चालतात, त्यांनी टॉवेल समजून दोन घड्या घालून गठ्ठ्यात सारला असणार. आता तो कुठल्या मजल्यावर, कुठल्या खोलीत, कुणाच्या तोंडाजवळ...

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. पिशवी फाटली."

"मग शीव की. शिवणारीच आहेस."

दुसऱ्या दिवशी टापटीपसाहेब पॅड हातात घेऊन आले. धुलाईखात्याचे सुपरवायझर. वयानं लहान, अंगावर सुरकुती नाही, सदऱ्यावर तर नाहीच नाही. गठ्ठा वर पाठवण्याआधी तो स्वतः चाळून बघायची त्यांना सवय होती. त्यामुळं पॅड पाहुण्यापर्यंत गेलाच नव्हता. बायकांना हायसं वाटलं, पण क्षणभरच. कारण साहेबांनी तो दोन बोटांत धरून उंच केला होता.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

ड्रम फिरत होते म्हणून बरं, नाहीतर ती शांतता फारच ऐकू आली असती. घडीवाल्या पोरींनी माना खाली घातल्या. टाचणीताईच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या तिनं काढल्या नाहीत.

"अहो, हे आपलं नाहीच," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. वस्तू चुकीच्या कप्प्यात सापडली की त्यांना व्हायचं ते खरंखुरं दुःख होतं. "शिवलंय मात्र छान. कोणत्या खात्याचं?"

"स्वयंपाकघरातलं असेल, साहेब." ड्रमवालीला काहीतरी बोलणं भाग होतं. बाकी कुणी बोलणार नव्हतं. "त्यांची फडकी येतात कधीकधी चुकून."

साहेबांनी पॅड उलटसुलट केला. कान उघडले, मिटले. टिचबटण टचकन लावलं, टचकन काढलं. मग त्यांचा चेहरा उजळला. भिंतीला टेकलेला पोछा त्यांनी ओढला, पॅड त्याच्या दांड्याखाली धरला, दोन्ही कान वरून गुंडाळले आणि बटण लावलं.

"दांड्यासाठी आहे!" ते म्हणाले. "तापलेल्या कढईच्या दांड्याला बसवायचं. हे बघा, हलत नाही. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल बुवा? हुशार माणूस आहे."

"असेल बाई कुणीतरी," ड्रमवाली म्हणाली आणि तिला असा काही खोकला आला की ती ड्रमच्या मागं जाऊन वाकली. घडीवाल्या पोरींपैकी एकीनं चादर तोंडावर धरली.

टाचणीताईला हसू आलं नाही. पोछ्याच्या दांड्यावर तिच्या मुलीची वस्तू बसवलेली होती, तिनं स्वतः घातलेली बारीक शिवण वर करून. ते माझं आहे म्हणायचं तर ते काय आहे हेही सांगावं लागलं असतं, आणि इथं कसं आलं हे सांगावं लागलं असतं. पहिल्यानं नुसती मान खाली गेली असती. दुसऱ्यानं नोकरी. तिनं चादरीची दुसरी कड मशीनखाली सरकवली. साहेब फडकं योग्य त्या खात्याच्या स्वाधीन करायला वर निघून गेले.

"धुतलेलं होतं ना?" ड्रमवालीनं डोळे पुसत जवळ येऊन विचारलं.

"उकळून."

"मग जाऊ दे. त्यांच्या कढईला काही होत नाही."

"कढईचं काय घेऊन बसलीस?" टाचणीताई म्हणाली. "पोरीचे दिवस जवळ आलेत. आणि आता ड्रम बंद."

 ड्रम बंद हे ड्रमवालीलाही पटलं होतं. साहेब आता रोज शेवटची फेरी संपेपर्यंत थांबणार होते. आलंच कसं हे फडकं आपल्या टॉवेलांत, हे शोधून काढल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हती.

त्या आठवड्यात घरी पुन्हा बोळातली दोरी, पुन्हा वरून टॉवेल. टाचणीताईनं पॅड इस्त्रीनं सुकवून पाहिले तर अस्तर चिकटलं. मुलीनं घडी हातात घेतली, अंगठ्यानं दाबली आणि खाली ठेवली.

"तुझ्या कामावर सुकवायचीस ना? मग आता काय झालं?"

"मशीन बिघडलंय."

"खोटं बोलतेस."

"हो."

 "मला घरीच राहायला चालेल, आई," ती म्हणाली. हे ती समजूतदारपणे बोलली आणि तेच टाचणीताईला सहन झालं नाही. भांडली असती तर बरं.

मग एके दिवशी साहेब परत आले. हातात तोच पॅड. एका टोकाला काळपट, आक्रसलेला.

"ताई, तुमच्याकडं काम आहे." त्यांनी पॅड मशीनवर ठेवला. "स्वयंपाकघरातल्या लोकांना हे फार आवडलंय. पण आत काहीतरी प्लास्टिकसारखं आहे, ते तापून वास सुटतो. ते काढून, नुसत्या कापडाची अशीच डझनभर हवीत. मुख्य आचारी म्हणाले, एवढी चांगली पकड आजवर कुणी दिली नाही. जमेल?"

टाचणीताईनं जळलेल्या टोकावरून बोट फिरवलं. लाल कापड वाया गेलं होतं. अस्तर तर गेलंच. टिचबटणं तेवढी चांगली होती, काढून घेता येतील. एवढं मनात झाल्यावर तिनं तोंडातल्या टाचण्या काढून मशीनवरच्या टाचण्यांच्या छोट्या गादीला टोचल्या. घडीवाल्या पोरी बघतच राहिल्या.

"जमेल," ती म्हणाली. "पण धुणार कोण? तेलकट होणार ती. टॉवेलांबरोबर ड्रममध्ये घालून चालणार नाही."

"छे छे, मुळीच नाही."

"मग मीच धुवीन. वाळवायचं कुठं?"

"मागच्या अंगणात स्वयंपाकघराची दोरी आहे की. चांगलं ऊन असतं तिथं." साहेबांना बरं वाटलं. प्रत्येक गोष्टीला जागा मिळत होती. "दुपारी वर जाऊन घालत जा. मी सांगून ठेवतो."

तिनं डझन शिवले, आखूड, नुसत्या कापडाचे, दोन कानांचे. कामाच्या वेळात, हॉटेलच्या दोऱ्यानं. ड्रमवाली येऊन बघून गेली. "बाई गं," ती म्हणाली, "इतकी वर्षं आपण लपवतोय काय, तर पकड."

स्वयंपाकघरातली पहिली धुण्याची खेप निघाली तेव्हा टाचणीताईनं बादलीच्या तळाशी घरून आणलेले पॅड घातले आणि जिना चढून मागच्या अंगणात गेली. अंगण म्हणजे काय, कचऱ्याचे डबे, रिकामे क्रेट आणि दोन खांबांना बांधलेली दोरी. पण ऊन असं की डोळे मिटावेत. तिनं आखूड फडकी घातली आणि मधूनमधून आपले पॅड. हात वर करताना तिचं पोट दुखत होतं. तिचा स्वतःचाही पहिलाच दिवस होता. भांडी घासणारे दोघं बाहेर आले, विडी ओढत उभे राहिले, दोरीकडं बघितलंही नाही. दोरीवर दांड्याची फडकी होती, त्यांत बघण्यासारखं काय असणार?

ती एका उलट्या क्रेटवर बसली. बसायची काही गरज नव्हती, खाली काम पडलं होतं. पण उठवेना.

दार वाजलं आणि वरच्या मॅडम बाहेर आल्या. खोल्यांची सगळी व्यवस्था त्यांच्या हाताखाली, साहेबसुद्धा. दिवसभर उंच टाचांवर. टाचणीताई उठू लागली तर त्यांनी हातानंच बस म्हणून सांगितलं आणि स्वतः खांबाला धरून एक पाय बुटातून काढला. बोटं सुजलेली होती. मग त्या दोरीकडं बघू लागल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश.

टाचणीताईला वाटलं, टाचण्या तोंडात असत्या तर बरं होतं.

मॅडमनी पुढं होऊन एक पॅड बोटांत धरला. अस्तर चाचपलं. सोडला.

"कढईच्या दांड्याच्या मानानं," त्या म्हणाल्या, "काही जरा लांबच आहेत."

टाचणीताईनं रिकामी बादली पायाशी ओढली.

"तुमचे?"

"माझे आणि मुलीचे. ड्रममध्ये आता घालत नाही, मॅडम." तोंडातून निघून गेल्यावर तिला कळलं की हे कुणी विचारलंच नव्हतं.

 पाय पुन्हा बुटात घालायला मॅडमना कष्ट पडले. "घरी कुठं घालता?"

"बोळात. टॉवेलाखाली."

"हं." त्यांनी दाराकडं बघितलं. "चारनंतर मालक या बाजूला गाडी लावतात. त्याआधी उतरवत जा. आणि लांब आहेत ते सगळे एका टोकाला घाला. आचाऱ्याच्या हाताला लागला आणि पुन्हा वास सुटला तर मला काही माहीत नाही."

"सावलीच्या टोकाला घालू?"

मॅडमनी तिच्याकडं असं बघितलं की जणू दिवसभरातला सगळ्यात मूर्ख प्रश्न हाच. "उन्हाच्या," त्या म्हणाल्या आणि लंगडत आत गेल्या.

संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं पिशवी मुलीच्या पुढ्यात ठेवली आणि चप्पलही न काढता भिंतीला टेकून खाली बसली. मुलीनं एक घडी काढली, अंगठ्यानं दाबली, मग दोन्ही हातांत धरून दाबली. कडक झाली होती, खारी बिस्किटासारखी.

"हे ड्रममधलं नाही," ती म्हणाली. "वेगळंच लागतंय. कुठं वाळवलंस?"

"उन्हात."

"उन्हात? उघड्यावर?" सासूबाईंनी मान वळवली. "आणि वरून काय टाकलं?"

"काही नाही टाकलं."

"मग लोक काय म्हणाले?"

"लोक म्हणाले, पकड चांगली आहे."

सासूबाईंना काही कळलं नाही. मुलीलाही नाही. तिनं आईकडं बघितलं. काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण आईचे डोळे मिटले होते आणि हात पोटावर होता. मग पिशवीतल्या घड्यांतली सगळ्यात जाड एक तिनं आईच्या मांडीवर ठेवली, बाकीच्या खणात लावल्या आणि उद्याचं दप्तर भरायला घेतलं.

"ऊठ गं, आधी बदलून ये," सासूबाई म्हणाल्या. "पाणी तापवलंय."

"उठते," टाचणीताई म्हणाली आणि तशीच बसून राहिली.